‘पंप गेला’ म्हणण्याआधी: जुन्या फर्ग्युसन ३५ च्या लिफ्टची दुरुस्ती

जुना फर्ग्युसन किंवा मॅसी आहे, इंजिन ठणठणीत चालतंय, पण मागची, अवजारं उचलणारी लिफ्ट उठत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. माझ्या ट्रॅक्टरची लिफ्ट ऑक्टोबरात बंद पडली आणि फेब्रुवारीत पूर्ववत झाली. मधले सगळे महिने काही हात काळे करण्यात गेले नाहीत. बराच वेळ सुट्या भागांची वाट बघण्यात आणि ‘आता उघडायचं का’ हे ठरवण्यात गेला. त्या ठरवण्याबद्दलच जास्त लिहिणार आहे. पाना फिरवणं त्यामानाने सोपं असतं.

ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन ३५, तीन सिलिंडरच्या पर्किन्स डिझेल इंजिनाचा. हे मॉडेल १९५६ मध्ये ‘फर्ग्युसन ३५’ या नावाने आलं, वर्षभराने लाल रंग आणि नवं नाव मिळालं आणि १९६४ पर्यंत ते बनत होतं. म्हणजे आज यातला सगळ्यात तरुण ट्रॅक्टरसुद्धा साठीच्या पुढे आहे. या वयाच्या यंत्रात एकच बिघाड क्वचित असतो. एक दुसऱ्याला झाकून बसतो. माझ्याकडे नेमकं तेच झालं होतं.

ट्रॅक्टर काही महिने अर्ध्या उघड्या शेडखाली उभा होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काढला. लिव्हर वर केला, काही नाही. इंजिनाचा वेग वाढवला, तरी काही नाही. लिफ्टचे हात जागचे हलले नाहीत, आवाजातही फरक नाही. ज्याला ज्याला फोन केला त्याने ऐकताक्षणी सांगितलं, पंप गेला. नव्या पंपाची किंमत विचारली आणि फोन खाली ठेवला. पुढे जे जे भाग घेतले त्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा ती जास्त होती.

एका वयस्कर मिस्त्रींनी मात्र उलट प्रश्न केला. “ताई, तेलाचा रंग बघितलात का?”

रंगाकडे येते, पण आधी यंत्राबद्दल थोडं. हे समजलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. या ट्रॅक्टरात पंप बाहेर कुठे लावलेला नसतो. चार पिस्टनांचा छोटा पंप सीटखालच्या मधल्या हाउसिंगमध्ये, गिअर आणि डिफरन्शियलच्याच तेलात बुडालेला असतो. पीटीओकडे, म्हणजे अवजारं फिरवायला ट्रॅक्टरच्या मागे निघणाऱ्या दांड्याकडे, जाणारा शाफ्ट त्याला फिरवतो. तेल सगळ्यांना मिळून एकच, सुमारे ३० लिटर. वर जे जड लिफ्ट कव्हर दिसतं, त्याला आतून एक सिलिंडर बोल्टांनी जोडलेला असतो. त्यातला पिस्टन सरकला की आडवा शाफ्ट फिरतो आणि बाहेरचे दोन्ही हात उठतात. दाब लागतो तो फक्त उचलायला. खाली येणं अवजाराच्या स्वतःच्या वजनावर.

आता यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. कंट्रोल व्हॉल्व्ह पंपातून तेल बाहेर पडण्याच्या वाटेवर नाही, पंपात तेल शिरण्याच्या वाटेवर आहे. लिव्हरने मागितलेली उंची गाठली की व्हॉल्व्ह ती वाट बंद करतो. पंप फिरत राहतो, पण त्याच्या हाती तेलच लागत नाही, त्यामुळे तो उगाच दाब तयार करत नाही आणि तेलही तापत नाही. उचलायचं असलं की वाट उघडते. खाली सोडायचं असलं की तोच व्हॉल्व्ह दुसऱ्या बाजूने सिलिंडरमधलं तेल परत हाउसिंगमध्ये सोडतो. म्हणजे हा छोटासा व्हॉल्व्ह अडकला, किंवा त्याच्यापर्यंत येणारं तेल वाहण्यासारखं उरलं नाही, तर पूर्ण धडधाकट पंपसुद्धा मेल्यासारखा वागतो.

म्हणून ‘लिफ्ट उठत नाही’ या तक्रारीचे मी वहीत तीन तुकडे केले: पंपाला तेल मिळत नाही, मिळालेलं तेल पंप ढकलत नाही, किंवा ढकललेलं तेल वाटेत गळतं. कोणतंही निरीक्षण केलं की यातलं काय खोडता येतं ते बघायचं.

सुरुवात अर्थातच बाहेरून आणि फुकटात. याच घराण्यातला आधीचा करडा टीई२० (१९४६ ते १९५६, पाच लाखांहून जास्त बनले) ज्यांच्याकडे आहे त्यांनी पहिल्यांदा पीटीओचा लिव्हर बघावा. त्यात पीटीओ जोडलेला नसेल तर पंप फिरतच नाही आणि लिफ्ट उठत नाही. बिघाड काहीच नसतो. माझा लिव्हर, क्लच, लिव्हरपासून आत जाणारे दांडे, सगळं हलवून बघितलं. हात कुठे गंजून धरले आहेत का, हे बघायला अवजार काढलं आणि दोघांनी मिळून लोअर लिंक, म्हणजे अवजार जोडायचे खालचे दोन दांडे, उचलून सोडल्या. जड पण मोकळ्या होत्या.

मग उजव्या बाजूच्या प्लेटवरची डिपस्टिक काढली. पातळी खुणेच्या वर होती. कोणी तेल टाकलं नसताना पातळी वाढली, म्हणजे आत दुसरं काहीतरी शिरलं आहे. कांडीवरचं तेल दुधाळ, राखाडी झाक असलेलं आणि बोटांना चिकट लागणारं. मिस्त्रींना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “पंपाचं नाव काढू नका आता. आधी पाणी काढा.”

पाणी कुठून आलं ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गिअर लिव्हरच्या बुडाशी जो रबरी बूट असतो तो एका बाजूने पूर्ण फाटला होता. लिव्हरवरून ओघळणारं पाणी थेट गिअरबॉक्समध्ये. हा बूट सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे. ज्यांचा ट्रॅक्टर आज व्यवस्थित चालतो आहे त्यांनीही जाऊन एकदा तो बघून यावा. नवा मिळेपर्यंत मी जुन्या ट्यूबचा तुकडा तारेने आवळून बसवला, आणि तो चांगला टिकला.

तेल काढण्याची एक पद्धत मिस्त्रींनी सांगितली ती उपयोगी पडली. ट्रॅक्टर आदल्या दिवसापासून हलवायचा नाही. मोकळं पाणी तळाशी बसतं. सकाळी खालचा ड्रेन प्लग एकदम काढायचा नाही, थोडाच सैल करायचा. आधी बारीक धारेने जवळजवळ स्वच्छ पाणी आलं, बराच वेळ आलं, मग रंग बदलला. त्या पाण्याचा डबा वेगळा ठेवल्याने आत किती शिरलं होतं याचा अंदाज आला. प्लग एकापेक्षा जास्त असतात आणि सगळे उघडावे लागतात, नाहीतर एखाद्या कप्प्यात जुनं तसंच राहतं. ज्या मापाचे डबे लागतील असं वाटतं त्याहून एक मोठा डबा जास्त ठेवा.

जुनं तेल कुठे द्यायचं हा वेगळाच उद्योग निघाला. वापरलेलं तेल घेणाऱ्या केंद्राने पाणी मिसळलेलं तेल इतर तेलात ओतू दिलं नाही. वेगळा झाकणबंद डबा, त्यावर चिठ्ठी, फॉर्मवर अंदाजे प्रमाण आणि सही. फॉर्ममध्ये ‘कोणत्या यंत्रातून’ असा रकाना होता. तिथे ‘ट्रॅक्टर, गिअर व हायड्रॉलिक’ लिहिल्यावर खिडकीवरच्या बाईंनी विचारलं की दोन्ही तेलं एकत्र का केलीत. एकच असतं, हे समजावण्यात थोडा वेळ गेला.

आत डिझेल किंवा रॉकेल टाकून, थोडं फिरवून धुऊन काढा, असा सल्ला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही. पंपाचे पिस्टन, बेअरिंग, डिफरन्शियल सगळं त्याच तेलाच्या पापुद्र्यावर चालतं. तो धुऊन टाकून ती यंत्रं फिरवायला माझं मन घेईना. त्याऐवजी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं, त्यातल्या त्यात स्वस्त तेल भरलं. हेतू हा, की ते काही तास गरम होईपर्यंत चालवायचं, उरलेलं पाणी आणि चिकटा त्यात उतरू द्यायचा आणि मग ते काढून टाकायचं. यात तेलाचा खर्च दुप्पट होतो, आणि संपूर्ण दुरुस्तीत तेलावर सगळ्यात जास्त पैसे गेले. तरीही पुन्हा हेच करीन.

नव्या तेलावर पहिल्या वेळी लिव्हर वर केला तेव्हा काहीच झालं नाही. मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं की लगेच निराश होऊ नका. इंजिन मध्यम वेगात ठेवून लिव्हर सावकाश पूर्ण वर, पूर्ण खाली, असं करत राहिले. बऱ्याच वेळाने एक झटका बसला, हात वीतभर उठले आणि थांबले. मग पुन्हा झटका. तासाभरात हात पूर्ण उठू लागले. अडकलेला कंट्रोल व्हॉल्व्ह नव्या तेलाने हळूहळू मोकळा होत होता, असा त्याचा अर्थ आम्ही लावला. पंप बदलण्याचा विषय त्या दिवशी मागे पडला.

दोन आठवडे हलकी कामं करून ते तेल काढलं. ते पुन्हा फिकट दुधाळ झालं होतं, पण पहिल्यासारखं नाही. मग चांगलं तेल भरलं, आणि इथे दुसरा बिघाड समोर आला.

नोव्हेंबरात लिफ्ट उठत होती, नांगर उचलत होती, पण दोन गोष्टी खटकत होत्या. अवजार पूर्ण वर असताना आणि इंजिन चालू असताना हात थोडे खाली जायचे, पुन्हा वर यायचे, पुन्हा खाली. मान डोलावल्यासारखे. आणि इंजिन बंद केलं की अवजार खाली येऊन बसायचं.

हे डोलणं आणि उचलतानाचा झटका यांत गल्लत करू नये. उचलताना ठरावीक तालात धक्के बसत असतील तर चार पिस्टनांपैकी एखाद्याचं काम नीट होत नसण्याची शक्यता असते, कारण चारातला एक ठोका रिकामा जातो. वर गेल्यावरचं डोलणं वेगळं. तिथे सिलिंडरमधलं तेल कुठूनतरी निसटतं, हात उतरतात, व्हॉल्व्हला ते कळतं, तो पंपाला पुन्हा तेल देतो, हात चढतात. म्हणजे डोलणारी लिफ्ट खरं तर आपलं काम चोख करत असते. तिच्या मागे गळती लागलेली असते, एवढंच.

गळती कुठे आहे? संशयित चार: सिलिंडरमधल्या पिस्टनचं सील, पंपाकडून वर कव्हरमध्ये तेल नेणारी उभी नळी आणि तिच्या ओरिंगा (रबरी कड्या), सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की तेल सोडून देणारा), आणि स्वतः कंट्रोल व्हॉल्व्ह. यातले काही कव्हर न काढता हाताशी येतात, काहींसाठी अख्खं कव्हर उतरवावं लागतं. म्हणून कव्हरला हात लावण्याआधी जितकी माहिती बाहेरून मिळेल तितकी घ्यायची ठरवली.

अवजारावर खडूने खूण केली, जमिनीपासून टेपने उंची मोजली आणि इंजिन बंद करून घड्याळ लावलं. या प्रयोगात अवजाराखाली कोणी जायचं नाही. पायसुद्धा नाही. खाली सरकवायचे लाकडी ठोकळे आधीच जागेवर ठेवलेले बरे. पूर्ण उंचीवरून सोडलं तर दोन-तीन मिनिटांत अवजार अर्ध्यावर यायचं. पण अर्ध्या उंचीवरच थांबवून इंजिन बंद केलं तर अर्ध्या तासात जेमतेम दोन बोटं उतरायचं. पुन्हा पुन्हा करून बघितलं, तसंच.

यावर मी बरेच दिवस विचार करत होते. सेफ्टी व्हॉल्व्ह, उभी नळी किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळत असता तर हात किती उंचीवर आहेत याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. तेच अवजार, म्हणजे दाबही जवळजवळ तोच, तेव्हा गळतीही तितकीच दिसायला हवी. उंचीप्रमाणे फक्त एकच गोष्ट बदलते: पिस्टन सिलिंडरमध्ये कुठे आहे ती. हात पूर्ण वर असताना पिस्टन सिलिंडरच्या उघड्या तोंडाजवळ असतो. म्हणजे दोष तोंडाजवळच्या भिंतीत. मिस्त्रींना सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “असू शकतं. पण उघडण्याआधी दाब मोजा. नंतर पंपही काढावा लागला तर दोनदा कव्हर उतरवायला लागेल.”

दाबाचं मीटर मागून आणलं. लिफ्ट कव्हरवर, सीटच्या पुढे, ट्रॉलीच्या जॅकसाठी तेल काढायची जागा असते. तिथला प्लग काढून मीटर लावायचं. आटे जुन्या इंची मापाचे आहेत. हाताने सहज फिरत नसेल तो अडॅप्टर पान्याने बसवू नका. कव्हरचे आटे गेले तर नवीनच काम उभं राहतं. मग लिव्हर सतत पंप चालवण्याच्या जागी, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला न्यायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला की घरघर ऐकू येते. आकडा वाचायचा आणि काही सेकंदांत लिव्हर खाली.

इथे एक सूचना, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. या दाबाखाली बारीक छिद्रातून निघणारं तेल कातडी भेदून आत शिरतं. बाहेरून सुईच्या टोचणीएवढं दिसतं, दुखतही नाही, पण आतल्या आत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. जोडणी गळते आहे का हे कधीही बोट फिरवून बघायचं नाही. पुठ्ठ्याचा तुकडा काठीला लावून फिरवायचा. आणि टोचलंच तर घरी थांबायचं नाही, ताबडतोब दवाखान्यात जाऊन ‘दाबाखालचं तेल शिरलं आहे’ असं स्पष्ट सांगायचं.

इंजिनाच्या मध्यम वेगावर काटा मॅन्युअलमधल्या आकड्याच्या अगदी जवळ गेला. वेग कमी केला की तो रेंगाळायचा. याचा अर्थ सरळ होता. पंप पुरेसा दाब देतो, पण इंजिन सावकाश फिरत असताना गळती त्याच्या पुरवठ्याला गाठते. पंप निर्दोष सुटला.

शेवटची खात्री बाजूच्या प्लेटमधून. थोडं तेल काढून पातळी खाली आणली, उजवीकडची प्लेट उघडली, अवजार पूर्ण वर केलं, इंजिन बंद केलं आणि विजेरी व छोटा आरसा घेऊन बाजूने आत बघितलं. हात आत घालायचा नाही, कारण भार खाली येताना आतले दांडेही हलतात. सिलिंडरच्या तोंडातून तेलाची सरळ धार पडत होती. बाकी सगळं ओलं होतं, पण धार कुठेच नव्हती. अवजार अर्ध्यावर आलं तशी ती धार थेंबांवर आली. इतकं स्पष्ट उत्तर यंत्राकडून क्वचितच मिळतं.

भाग मागवण्याची गोष्ट निराळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका विक्रेत्याकडे मागणी नोंदवली. फॉर्मवर ट्रॅक्टरचा सिरियल नंबर सक्तीचा, कारण या मालिकेत जुन्या पद्धतीचा पिस्टन लोखंडी रिंगांचा आणि नंतरचा रबरी सीलचा आहे, आणि दोन्हींचे भाग एकमेकांना चालत नाहीत. माझी नंबरप्लेट घासून गुळगुळीत झाली होती. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा आकडे उमटले. तो कागद, कव्हरवरच्या ओतीव आकड्यांचा फोटो, दोन्ही पाठवले. तरीही जे खोकं आलं त्यात दुसऱ्याच पद्धतीचा संच होता. परत पाठवण्याचा फॉर्म, खोकं न उघडल्याचे फोटो, माल परत पोचल्याची पावती, मग ‘तपासणी सुरू आहे’ असा संदेश, आणि मग वर्षअखेरची सुट्टी. योग्य संच जानेवारीच्या मध्यात आला. वाट बघताना एक गोष्ट बरी केली होती: तोपर्यंत कव्हर उतरवलं नव्हतं. उघडलेलं हाउसिंग महिनाभर धुळीत राहिलं नाही आणि हलकी कामं चालू राहिली.

कव्हर उतरवणं हे भीतीदायक वाटतं तितकं अवघड नाही, पण जड आहे. दोन माणसांनी उचलून बाजूला ठेवू असा विचार करू नये. चेन पुली हवी, आणि ती टांगायची तुळई भरवशाची हवी. हात पूर्ण खाली, अवजार काढलेलं, ट्रॅक्टरच्या चाकांना पुढून-मागून अटकाव. सीट, टॉप लिंक (अवजार जोडायचा वरचा दांडा), उचलणारे दोन्ही दांडे सोडवले. पंपाकडून येणारी उभी नळी वरून काढून घेतली. ती राहिली आणि कव्हर ओढलं तर वाकते. कडेचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या त्या जागी टोचून ठेवले. पॅकिंग साठ वर्षांनी दगडासारखं चिकटलं होतं. पहारीने उचकटण्याऐवजी कडेने लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके दिले, तेव्हा सुटलं.

आत कोपऱ्याकोपऱ्यांत जुना दुधाळ चिकटा अजून बसलेला होता. पंपाच्या जाळीवरही त्याचा थर होता. दोनदा तेल बदलूनही तो निघाला नव्हता, ही माहिती पुढच्यासाठी. धागे न सुटणाऱ्या कापडाने सगळं पुसून घेतलं. सुती चिंधी इथे वापरू नये, कारण एखादा धागा व्हॉल्व्हपर्यंत पोचला की झालं.

सिलिंडर सोडवून पिस्टन काढला. आतली भिंत खोलवर आरशासारखी, आणि तोंडाजवळ बोटभर रुंदीचा खडबडीत गंजाचा पट्टा. अवजार खाली असताना पिस्टन आत खोल बसतो आणि तोंडाजवळची भिंत उघडी राहते. महिनोन्महिने पाण्याची वाफ तिथेच बसली होती. सील त्या पट्ट्यावर आलं की तेलाला वाट मिळायची.

इथे निर्णयाचा प्रश्न होता. होनिंग करून, म्हणजे आतली भिंत घासून गुळगुळीत करून घ्यायची, की सिलिंडर बदलायचा? लेथवाल्याने बघून सांगितलं की खड्डे खोल आहेत, ते जाईपर्यंत घासलं तर पिस्टन ढिला होईल. नुसतं नवं सील घालून बसवलं असतं तर त्या खडबडीत पट्ट्याने तेही लवकर खाल्लं असतं. मी सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही असलेला संच मागवला होता, तोच बसवला. त्याची किंमत पंपाच्या निम्म्याहून कमी पडली.

जोडणीला मिस्त्री स्वतः आले. “काका, मी वर साखळी धरते,” म्हटलं तर म्हणाले, “साखळी मी धरतो, तुमचा हात बारीक आहे.” कारण कव्हर खाली उतरताना आतला उभा लिव्हर पंपाच्या कंट्रोल दांड्याशी योग्य जागी बसायला हवा, आणि तो बाजूच्या खिडकीतून हात घालून वाटेला लावावा लागतो. कव्हर टांगलेलं असताना बोटं कडेखाली येणार नाहीत हे दोघांनीही बोलून बोलून करायचं. तो चुकीच्या बाजूला बसला तर सगळं आवळून झाल्यावर लिफ्ट एकतर उठतच नाही किंवा उतरतच नाही, असं ते म्हणाले. नव्या ओरिंगांना बसवण्याआधी तेल लावलं, उभी नळी शेवटी वरून हाताने दाबून बसवली, बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले.

आणखी एक जागा सोपी असून राहून जाते: टॉप लिंक जिथे जोडतात तिथली मोठी स्प्रिंग. फर्ग्युसन पद्धतीचं सारं कौतुक हिच्यामुळे. नांगर जमिनीत अडला की टॉप लिंक पुढे दाबली जाते, स्प्रिंग दबते, ती आत कंट्रोल व्हॉल्व्हला कळवते आणि नांगर तेवढ्यापुरता उचलला जातो. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ९एन पासून ही कल्पना शेतोशेती पोचली. स्प्रिंगच्या जोडाला पुढे-मागे खेळ असता कामा नये, पण स्प्रिंग बोटांनी फिरवता आली पाहिजे. माझ्या जोडात खेळ होता. तो काढायला कोणताही नवा भाग लागला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तेल भरून चालू केलं. लिफ्ट सावकाश, झटका न देता उठली. पूर्ण उंचीवर, इंजिन चालू असताना, डोलणं थांबलं होतं. इंजिन बंद करून तीच खडूची खूण, तोच टेप. तासाभरात चार बोटं उतरली, आणि पूर्ण उंचीवरून असो वा अर्ध्यावरून, वेग सारखाच. उरलेली गळती बहुधा जुन्या कंट्रोल व्हॉल्व्हची आहे. तिच्यासाठी पंप बाहेर काढायचा का, असं काकांना विचारलं. त्यांनी हात पुसत विचारलं, “रात्रभर हवेत टांगून ठेवायचंय का काही?” नव्हतं टांगायचं. तो विषय तिथे संपला.

खर्चाचा क्रम असा: तेल सर्वांत वर, मग सिलिंडर-पिस्टनचा संच, मग मजुरी आणि लेथ, आणि पॅकिंग, ओरिंगा, गिअरचा रबरी बूट हे सगळं मिळून तळाला. मीटर आणि चेन पुली मागून आणली होती, विकत घेतली असती तर गणित बदललं असतं.

भरल्यावर महिनाभराने डिपस्टिक पुन्हा बघितली, तेल स्वच्छ आहे. ट्रॅक्टर उभा करताना अवजार जमिनीवर टेकवूनच ठेवते, त्याला सुरक्षेच्या दृष्टीने पर्याय नाही. पण तेव्हा सिलिंडरचं तोंड उघडं पडतं, म्हणून काम नसलं तरी पंधरवड्याला एकदा इंजिन चालू करून लिफ्ट पूर्ण वर-खाली करते, म्हणजे तिथली भिंत तेलाने ओली राहते. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यात बॅटरीही चार्ज होते.